तो एक घोट

पत्र:

सप्रेम नमस्कार,

माझं वय ६८, राहते सांगलीत. २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे बॉस्टनला गेलो होतो. नात तेव्हा दीड वर्षांची. मुलगा-सून ऑफिसला गेले की मी तिला बाबागाडीत बसवून बाहेर पडायची. ११ जुलैला कोप्ली चौकात, मोठ्या सार्वजनिक लायब्ररीसमोर, बरीच माणसं जमलेली दिसली. कॉफीचा वास सुटला होता. जमिनीवर छोटे छोटे कप मांडलेले, शेकडो, कदाचित हजारो. कुठल्या तरी देशाच्या लोकांचा सण असेल असं मला वाटलं. माझ्याच वयाच्या एका बाईंनी तांब्याच्या भांड्यातून कॉफी ओतली आणि कप माझ्या हातात दिला. मी 'थँक यू' म्हटलं आणि घोट घेतला.

आजूबाजूचे सगळे गप्प झाले. त्या बाईंनी माझ्या दंडाला हात लावला, काहीतरी म्हणाल्या, मला ते कळलं नाही. मग त्यांनी दुसरा कप भरून दिला आणि जमिनीकडे बोट केलं. मी इतकी गोंधळले की तो लायब्ररीच्या पायरीवर ठेवून गाडी ढकलत निघून आले. संध्याकाळी सुनेने वाचून सांगितलं की बोस्नियात मारलेल्या आठ हजारांवर माणसांसाठी ते कप होते आणि ती कॉफी कोणी प्यायची नसते. हे म्हणाले, 'अगं, तुला काय माहीत!' पुढे मी विसरलेही.

गेल्या वर्षी हे गेले. सकाळी माझा हात अजून दोन कपांचंच आधण ठेवतो. दुसरा कप तसाच निवतो, मग मी तो मोरीत ओतते. नेमकी त्या वेळी ती कॉफी आठवते. मेलेल्यांच्या पानातलं मी उष्टं केलं, असं वाटत राहतं. त्या बाईंची माफी मागावीशी वाटते. भिशीत हे बोलले तर एक मैत्रीण म्हणाली, 'कुठले कोण ते मुसलमान, तुला काय त्यांचं?' मुलगा फोनवर म्हणतो, दोन कप करणं बंद कर, नाहीतर डॉक्टरांना दाखव. मी काय करू?

एक आजी, सांगली

उत्तर:

ताई,

आधी घोटाचं बोलते. भरलेला कप कोणी हातात दिला की माणूस तो तोंडाला लावतो. बोस्नियात तर कॉफी हा पाहुण्याचा पहिला मान. लांब दांड्याच्या तांब्याच्या जेझ्वात ती करतात, कान नसलेल्या इवल्याशा फिल्जानात ओततात, सोबत साखरेचा खडा ठेवतात आणि मग बोलणं सुरू होतं ते संपता संपत नाही. 'चहा घेऊनच जा' म्हणताना आपल्या मनात जे जे असतं, ते सगळं तिथल्या कॉफीच्या आमंत्रणात असतं. त्या बाई बोस्नियाच्या असणार. तुम्ही घोट घेतलात तेव्हा तुम्ही काहीतरी विटाळलंत असं त्यांना वाटलं असेल, हे मला पटत नाही. ज्यांच्यासाठी ते कप मांडले होते ती माणसं समोर आली असती, तर त्यांनीही हेच केलं असतं. कप उचलून प्यायले असते.

त्या कलाकृतीचं नाव आहे 'श्तो ते नेमा'. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'तू का नाहीस?' आयदा शेहोविच ही तिची कर्ती. मूळची बोस्नियातल्या बान्या लुका शहराची. १९९२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ती देश सोडून निघाली, तुर्कस्तानात आणि जर्मनीत निर्वासित म्हणून राहिली आणि १९९७ मध्ये अमेरिकेत पोचली. ती माणसं मारली गेली ते गाव म्हणजे स्रेब्रेनित्सा. नवरा गमावलेल्या तिथल्या एका बाईंनी सांगितलं होतं, की सगळ्यात जास्त उणीव भासते ती त्याच्यासोबत कॉफी पिण्याची. तिथून हे सुचलं. पहिल्यांदा, २००६ च्या ११ जुलैला, सारायेवोत ९२३ कप मांडले गेले. स्रेब्रेनित्साच्या बायकांच्या संघटनेने ते गोळा केले होते. पुढे दर वर्षी त्याच तारखेला वेगळं शहर: हेग, इस्तंबूल, न्यूयॉर्क, जिनिव्हा, तुमचं बॉस्टन, नंतर शिकागो, झुरिक, व्हेनिस. जगभर विखुरलेल्या बोस्नियन कुटुंबांनी आपापल्या घरातले कप दिले. एकेका फडताळातून निघालेले, म्हणून एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. तिथे भाषणं होत नसत. कॉफी करायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कप द्यायचा, त्याने तो जमिनीवर ठेवायचा. संध्याकाळी कप रिकामे करून, धुऊन, पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवायचे.

म्हणजे बघा, संग्रहालयात माणूस तिकीट काढून, मनाची तयारी करून जातो. ही कलाकृती मुद्दाम रस्त्यात येऊन बसत होती. बाबागाडी ढकलत निघालेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या बाईसाठी. तुम्ही तिथे चुकून शिरलात असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तिथे तुमचीच वाट पाहिली जात होती.

'उष्टं' या तुमच्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. दहाव्याला आपण पिंड ठेवतो आणि कावळा शिवेपर्यंत ताटकळत उभे राहतो. शिवला की सगळ्यांचा जीव मोकळा होतो. गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, आता घरी जायला हरकत नाही. तुम्ही या डोळ्यांनी त्या कपांकडे पाहिलंत आणि तुम्हाला वाटलं, ज्याचा घास त्याच्याआधी मी तोंड लावलं. दुसऱ्या कुठल्या डोळ्यांनी पाहणार होता तुम्ही? पण ती कॉफी कोणाला पोचावी म्हणून ठेवलेली नव्हती. तिथे काही शिवणार नाही, कोणी येणार नाही, गाळ तळाशी बसेल आणि संध्याकाळी ती ओतून द्यावी लागेल, हेच त्या बायकांना जगाला दाखवायचं होतं. आपला विधी मोकळं करतो. त्यांचा कप मोकळं करायला नकार देतो. त्यामुळे तुमच्या घोटाने कुणाचा घास बाटला नाही, एवढं माझ्याकडून घ्या.

आता मला खरं जे सांगायचंय ते. घोटाबद्दल तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलंत: तेव्हा काय झालं, आता काय वाटतं, माफी मागू का. दुसऱ्या कपाबद्दल मात्र एकच वाक्य आहे. 'लायब्ररीच्या पायरीवर ठेवून गाडी ढकलत निघून आले.' मला वाटतं, तुम्हाला टोचतंय ते हे. घोट अजाणता घेतला गेला. कप पायरीवर ठेवलात तेव्हा त्या बाई तुमच्याकडून काहीतरी मागताहेत एवढं तुम्हाला समजलं होतं, आणि शरमेने तुम्ही निघून आलात. शरमेने पळून जाणं हा काही मोठा गुन्हा नाही, मीही कितीदा केलंय. पण ते अर्धवट राहिलं ते राहिलं. माफी मागायचीच तर माझ्या मते याची, आणि ती शब्दांनी मागता येणार नाही. तो कप कोणासाठी होता हे आता तरी जाणून घ्यायचं, एवढंच हातात आहे.

म्हणून सांगते. १९९३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्रेब्रेनित्सा हे 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं. घरंदारं सोडून पळालेली हजारो बोस्नियन मुसलमान माणसं त्या शब्दाच्या भरवशावर तिथे दाटीवाटीने राहत होती. ११ जुलै १९९५ रोजी रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने गाव ताब्यात घेतलं. रक्षणासाठी नेमलेली डच तुकडी अपुरी होती आणि तिने अडवलं नाही. जवळच पोतोचारीला त्या तुकडीचा तळ होता. तिथे आसऱ्याला आलेल्या कुटुंबांतून पुरुष आणि वयात येणारे मुलगे वेगळे काढले, बायकामुलांना बसमध्ये भरून पाठवून दिलं. हजारो पुरुष जंगलातून, बोस्नियन सरकारच्या ताब्यातल्या तुझ्ला शहराच्या दिशेने चालत निघाले होते, त्यांतलेही कितीतरी वाटेत पकडले गेले. मग काही दिवस गोदामात, शेतावर, धरणाजवळ गोळ्या घालणं चाललं. पोतोचारीच्या स्मारकातल्या दगडावर आकडा कोरलाय: ८,३७२.

हे एवढ्यावर थांबलं नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत मारेकऱ्यांनी यंत्रं लावून सामुदायिक कबरी पुन्हा उकरल्या आणि पुरावा लपवण्यासाठी प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. यंत्राच्या फाळांनी देह तुटले. एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी सापडली. नातेवाइकांनी रक्ताचे नमुने दिले आणि त्यांच्याशी हाडांतला डीएनए जुळवत बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने वर्षानुवर्षं ओळख पटवली. एखाद्या आईला फोन यायचा की मुलाचं मांडीचं हाड मिळालंय. तेवढंच पुरायचं, की बाकीचं सापडेपर्यंत थांबायचं, हे तिने ठरवायचं. पोतोचारीत पहिले ६०० दफनविधी २००३ च्या मार्चमध्ये झाले. तेव्हापासून दर ११ जुलैला, त्या वर्षात ज्यांची ओळख पटली त्यांना तिथे पुरतात. आतापर्यंत ६,७०० हून अधिक माणसं पुरली गेली. सुमारे हजार अजून सापडायची आहेत. हातिजा मेहमेदोविच या बाईंनी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावले आणि तरी त्या स्रेब्रेनित्सातल्या आपल्या घरी परत जाऊन राहिल्या. तिथल्या मातांच्या वतीने त्या बोलत राहिल्या, २०१८ मध्ये जाईपर्यंत.

माणूस गेला आणि देह हाती आला नाही, म्हणजे घरात काय होतं, हे आपल्याकडेही लोकांनी भोगलंय. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. दारात चप्पल वाजली की दचकणारी माणसं त्या दुःखाची भाषा जाणतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की तिथे डोंगर खाली आला. स्रेब्रेनित्सात माणसांनी याद्या केल्या, बसगाड्या मागवल्या, आणि नंतर हाडंसुद्धा पळवली.

म्हणून तुम्हाला एक विनंती, ताई, आणि ती जरा जड जाईल. तुमचा चहा आणि त्यांची कॉफी एकात एक मिसळू देऊ नका. तुमचं दुःख उणं आहे म्हणून हे म्हणत नाहीये. जन्मभराची सोबत गेली, त्याला माप लावणारी मी कोण? पण ह्यांना कोणी तुमच्यापासून ओढून नेलं नाही. ते कुठे आहेत हे शोधत तुम्हाला वीस वर्षं रक्त द्यावं लागलं नाही. तुमच्या सकाळच्या दुसऱ्या कपात आठवण आहे. त्या फिल्जानात एक प्रश्न आहे, आणि तो कोणाला तरी विचारलेला आहे. दोन्ही एक झाली की काय होतं, तर त्यांची माणसं तुमच्या रडण्याचं निमित्त होऊन बसतात आणि तुमच्या ह्यांच्यासाठी रडायलाही तुम्हाला एक अपराध चिकटवून घ्यावा लागतो. तुम्ही ह्यांच्यासाठी नुसतं रडू शकता. त्याला वेगळं कारण लागत नाही.

भिशीतल्या मैत्रिणीबद्दल. तिच्याशी भांडा असं मी म्हणणार नाही, पण ऐकून गप्प बसू नका. संबंधच हवा असेल तर तोही आहे. त्या युद्धाच्या पहिल्या वर्षी, १९९२-९३ मध्ये, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व आपल्या लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांच्याकडे होतं, मराठा लाइट इन्फंट्रीत घडलेल्या अधिकाऱ्याकडे. स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित' जाहीर होण्याआधीच त्यांचा कार्यकाळ संपला होता. पण खरं सांगू? हा संबंध तिला सांगावा लागतोय याचंच मला वाईट वाटतं. 'कुठले कोण ते मुसलमान' हे वाक्य स्रेब्रेनित्सातही कोणीतरी आधी म्हटलेलं होतं. शेजाऱ्यांनी, एकाच शाळेत शिकलेल्यांनी. त्या वाक्याची सवय झाल्यावरच बसमधून पुरुष उतरवून घेता येतात. हेगच्या न्यायालयाने २००१ मध्ये, आणि अपिलातही २००४ मध्ये, हा वंशसंहार होता असं ठरवलं. म्लादिचची जन्मठेप २०२१ मध्ये कायम झाली. तरी असं काही घडलंच नाही म्हणणारे आजही आहेत. मैत्रिणीला एवढंच सांगा, की मी त्या कॉफीचा घोट घेतलाय, म्हणून माझं त्यांच्याशी काहीतरी आहे. मला तरी हे उत्तर पुरेसं वाटतं.

मुलाचं म्हणणं मायेपोटी आहे. लांब असलेल्या मुलांना काहीतरी दुरुस्त करायचं असतं, आणि दोन कपांचा एक करणं ही त्यांना दिसलेली सगळ्यात सोपी दुरुस्ती. दोन कपांचं आधण ठेवणं हा आजार नव्हे. झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, घराबाहेर पडावंसंच वाटत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा, आणि तेव्हा माझ्या पत्राचीही वाट पाहू नका. तुम्ही भिशीला जाता, पत्र लिहिता, नातीबद्दल लिहिताना तुमचं अक्षर सरळ होतं. मला फार काळजी वाटत नाही.

पण तो चहा मोरीत ओतू नका. त्या विधवा बाईंचं म्हणणं पुन्हा आठवा. त्यांना कॉफीची उणीव नव्हती, सोबत पिणाऱ्याची होती. तुमच्या मजल्यावर, गल्लीत कोणीतरी असेल जिचा सकाळचा चहा एकटीने होतो. तिला रोज नको, आठवड्यातून एकदा हाक मारा. ह्यांच्या जागी तिला बसवताय असं अजिबात समजू नका. आधण दोघांचं आहे, पिणारी दुसरी मिळाली, इतकंच. आणि बाकीच्या दिवशी कप निवला तर निवू दे.

राहिला तो पायरीवरचा कप. बॉस्टनच्या त्या बाई आता सापडणार नाहीत आणि शोधूही नका. त्यांनीच तो उचलून इतरांत नेऊन ठेवला असेल असं माझं मन सांगतं. कलाकृतीचा प्रवासही थांबलाय. २०२० मध्ये, पंचवीस वर्षं झाली तेव्हा, शेवटचे कप पोतोचारीतच मांडले गेले, जिथे ती माणसं पुरली आहेत तिथे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ जुलै हा स्रेब्रेनित्साच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला, तेव्हा तारीख आता सगळ्यांचीच आहे.

येत्या ११ जुलैला कॉफी करा. घरात असेल ती, बाटलीतली पावडरही चालेल. तुमच्याकडचा सगळ्यात लहान कप घ्या, ओता, आणि ह्यांच्या फोटोपुढे न ठेवता दुसरीकडे कुठेतरी ठेवा, अंगणात किंवा गॅलरीत, जमिनीवर. हात जोडायचे की नाही ते तुम्ही ठरवा, मंत्र वगैरे काही नको. संध्याकाळपर्यंत राहू द्या, मग ओतून द्या आणि कप धुऊन जागेवर ठेवा. एका दिवसाचं काम आहे.

आणि त्या दिवशी नातीला फोन लावा. ती आता दहा-अकरा वर्षांची असेल, या वयाच्या मुली नीट विचारतात. घोटाचंही सांगा, पायरीचंही सांगा, काही वगळू नका. तीही तिथे होती, बाबागाडीत, हे तिला कोणी सांगितलं नसेल.